डॉक्टरला मी घरकाम सांगितलं

मंगळवारी संध्याकाळी आपण तुरीच्या शेंगा सोलल्या. तू दारात खुर्चीवर, नाकाला ती ऑक्सिजनची नळी. मी खाली पोत्यावर. तू दहा-अकरा शेंगा सोलल्यास आन् हात मांडीवर ठेवून दम खात बसलीस. पुढं तू नुसती बघत होतीस आन् चुका काढत होतीस.

"किडका दाणा गेला की आत. दिसत न्हाई व्हय? जन्मभर चष्म्याचा धंदा केला आन् घरात आंधळा."

मी म्हणलं, "शिजल्यावर कोण ओळखतंय."

तू हसलीस आन् हसण्यानं खोकला लागला. मग मी गप बसलो. आईला हसवायचं नाही, अशी ताकीद आपली पोरगी नंदा देऊन गेली होती. रात्रीच्याला त्याच दाण्यांची आमटी केली. दोन घास खाल्लेस, मीठ कमी आहे म्हणालीस. बुधवारी दुपारी तू गेलीस. उरलेली आमटी शेजारणीनं उकिरड्यावर ओतली, सुतकाच्या घरात शिजलेलं ठेवत नाहीत म्हणून. तिचं बरोबर होतं. पण मला ती आमटी खायची होती, हे कोणाला सांगू?

मी सातवी नापास माणूस. चष्म्याचे नंबर सोडले तर जन्मात काही लिहिलं नाही. पण जे सांगायचंय ते पोरीसमोर तोंडातून निघत नाही, आन् ज्या बाईला सांगायचं ती राहिली नाही. म्हणून लिहून राहिलो.

तुला कोंडलेली जागा सोसत नव्हती. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून इथूनच सांगतो.

त्या वर्षी तू गणपतीला माहेरी गेलतीस, औशाच्या पलीकडं. विसर्जन झालं आन् दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. मी नांदेडात रशीदभाईंच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होतो. मिळेल त्या ट्रकच्या मागं उभा राहून आलो. गाव कुठाय म्हणून विचारलं तर एका म्हाताऱ्यानं दगडांच्या ढिगाकडं बोट केलं. मी कौसा कौसा करत ढिगावरून फिरलो. दुपारच्या पुढं तू सापडलीस. छातीपर्यंत माती, तोंडात माती. तुझी माय तुझ्या बाजूलाच होती, ती संपलेली. तू नंतर एकदाच सांगितलंस, की वर माणसं बोलताना तुला ऐकू येत होती. एक जण म्हणत होता, हितं कोणी न्हाई, पुढं चला. तू ओरडत होतीस, पण तोंडातली माती आवाज बाहेर सोडत नव्हती.

त्यानंतर तू स्लॅबच्या घरात झोपली नाहीस. लातुरात आपण चष्म्याचं दुकान टाकलं आन् राहायला पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या, त्याही तू दार उघडं ठेवून वापरल्यास. थंडीत मी कुरकुर करायचो. "कुत्रं शिरेल गं घरात." तू म्हणायचीस, "शिरू द्या. त्याला तर कळंल मी हितं हाय."

आन् अशा बाईला मी खोलीत कोंडलं.

तवा लातुरात पोरं यायला लागली होती. जळकोट, निलंगा, देगलूर, पार परभणीकडून. बापाची पेटी, आईचं लोणचं आन् डॉक्टर व्हायचं खूळ घेऊन. गल्लीगल्लीत क्लास. एका खोलीत चौघं, दिवसभर पुस्तकात डोकं. वर्षात चष्मा लागायचा. आपल्या दुकानात येऊन एकच रडगाणं, "काका, फळ्याकडं बघितलं की काचेत ट्यूबलाइटच दिसते." त्याला कोटिंग लागतं. कोटिंगसाठी काचा हैदराबादला जायच्या, आठ-आठ दिवस यायच्या नाहीत. तोवर पोराची परीक्षा निघून जायची.

रशीदभाईंनी हैदराबादच्या एका बंद कारखान्यातून कोटिंगचं जुनं मशीन उचललं होतं. त्यांची पोरं आखातात गेली, मशीन तसंच पडलं. ते मला म्हणाले, "घेऊन जा, पण तुझ्याच्यानं हे होणार नाही. तू घाईचा माणूस." मशीन टेम्पोतून आलं, दुकानामागच्या खोलीत बसवलं. लोखंडाचं पिंप, त्याला बघायला एक गोल काच, खाली हवा ओढणारा पंप. मी तीन दिवस त्याच्याशी झटलो आन् तिन्ही दिवस काचा खराब केल्या. चौथ्या दिवशी रशीदभाई नांदेडहून शिकवायला आले. मी पुढं दुकानात गिऱ्हाईक बघत होतो. चहा घेऊन तू आत गेलीस ती परत आलीच नाहीस. तासानं बघतो तर तू डोळा लावून पिंपात बघून राहिलीस आन् रशीदभाई चहा पीत बसलेले.

"तुझ्या बायकोला येतंय," ते म्हणाले. "तू फ्रेमी बसव."

त्यांनीच तुला ती पावडर दाखवली. सिरियम फ्लोराइड. काचेवर आधी तिचा थर, वर मॅग्नेशियमचा. डबी हातात देऊन ते म्हणाले, "बेटी, ये मामुली चीज नक्को समज. दुर्मिळ माती म्हणतात हिला."

तू डबी हलवून बघितलीस. "माती कवा दुर्मिळ असती व्हय, चाचा? माझ्या माहेराला चला, गाड्या भरून देते."

रशीदभाई हसले नाहीत. मीबी हसलो नाही. तू मात्र हसलीस. भूकंपानंतर तुला मातीवरून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं आन् मला वाटलं, चला, बाई सावरली. माझं असंच. जे सोयीचं तेच मला दिसायचं.

ते काम तू कसं करायचीस, ते आज मला नीट सांगतापण येत नाही. होडीसारख्या छोट्या पत्र्यात पावडर ठेवायची, वर काचा टांगायच्या, पिंपातली सगळी हवा ओढून घ्यायची आन् मग होडी तापवायची. पावडर वितळती, तिची वाफ होती आन् वाफ जाऊन काचेवर बसती. एवढं मला ठाऊक. पण ती पावडर हवेतलं पाणी पिऊन बसलेली असायची. एकदम तापवली की तडतडायची, जवारीच्या लाह्यांसारखी, आन् काचेवर ठिपके पडायचे. माझ्या सगळ्या काचा त्यानंच गेल्या. तू तिला हळूहळू तापवायचीस, मधलं झाकण बंद ठेवून, तिचं सगळं थुंकून होईपर्यंत. "हिला आधी रडू द्यावं लागतंय," म्हणायचीस. "मग गुमान काम करती." थर किती बसला ते दाखवणारा काटा पहिल्याच वर्षी बिघडला. तू तो दुरुस्त करू दिला नाहीस. काचेतलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पांढऱ्याचं पिवळं व्हायचं, पिवळ्याचं तांबूस, आन् ताज्या वांग्याच्या पाठीसारखं जांभळं झालं की तू झाकण ओढायचीस. एक क्षण इकडं नाही, एक क्षण तिकडं नाही. हैदराबादचा एक इंजिनेर बघायला आला आन् म्हणाला, हे डोळ्यानं होत नाही. तू म्हणालीस, "मग तुम्ही कशानं बघून राहिले?"

पण खोली बंद लागायची. लातूरची धूळ तुला माहीत आहे. दार उघडं राहिलं की काचेवर कण बसतो आन् कोटिंग सोलून निघतं. पहिल्या दिवशी तू दार लावून आत बसलीस आन् थोड्या वेळात घामानं चिंब होऊन बाहेर आलीस, पदर तोंडाला. मी काय म्हणलं आठवतंय? "धूळ शिरली ना आत." तू घाम पुसलास. पाणी प्यायलीस, परत गेलीस. दार लावलंस.

त्या दिवसापासून तू चपला दाराच्या बाहेर काढायला लागलीस. मला वाटलं स्वच्छतेसाठी. दोन-तीन वर्षांनी नंदानं सहज विचारलं तर तिला म्हणालीस, "परत हाललं, तर कुठं खणायचं ते बापाला कळाया पाहिजे." हे मी ऐकलं. ऐकून दुकानात गेलो.

तू खिडकी मागितलीस. दर दिवाळीला मागायचीस, रंग द्यायच्या टायमाला. "एवढीशी पाडा, जाळी लावा, वर पंखा बसवा बाहेर फेकणारा." मी म्हणायचो, लावू की. मग म्हणायचो, औंदा लगीनसराई आहे, गिऱ्हाईक लई आहे. मग म्हणायचो, खिडकीतून धूळ येईल. एका वर्षी तू चिडलीस. "काचंला धूळ लागू नये. मला काय बी लागो." मी म्हणलं, "तू काय काच आहेस का फुटायला?" हे मला आज सुचलेलं नाही, हे मी खरंच म्हणलं होतं. अशी वाक्यं माझ्या तोंडात तयारच असायची.

आन् आठवड्यातून दोनदा पिंप आतून खरवडावं लागायचं. वाफ काचेवर बसते तशी पिंपाच्या आतल्या पत्र्यांवरपण बसते. थरावर थर. ते पापुद्रे खरवडून काढायचे. बारीक पांढरी भुकटी उडायची, उजेडात चमकायची. तू पत्रे मांडीवर घेऊन घासायचीस, फुंकर मारायचीस, घासायचीस. बाहेर अंगणात घासू म्हणालीस तर मी म्हणलं, पत्र्यांना वारा लागला, धूळ लागली, की पंप ओढायला तास जास्ती घेतो. एकदा तू तोंडाला फडकं बांधून बसलीस. मी आत डोकावून म्हणलं, "दरोडा टाकायला निघालीस का काय?" तू फडकं सोडलंस. माझ्या त्या एका टवाळीनं सोडलंस. त्यानंतर मी ते फडकं तुझ्या तोंडावर बघितलं नाही.

हे सगळं काळंच होतं असं नाही. संध्याकाळी क्लास सुटायचे तवा आपण रस्त्याच्या कडंला चहाच्या गाड्यापाशी उभे राहायचो. पोरांचा लोंढा यायचा आन् तू चष्मे ओळखत बसायचीस. "ती बघा, जांभळी. आपली. तो उंचा पोरगा, त्याची हिरवी, हैदराबादची. ती दोन वेण्यांवाली, आपली. अगं बाई, हिनं तर ओरखडे पाडले, कशानं पुसती की." मला ते रंग दिसायचे नाहीत. मी नुसतं "हाव, हाव" म्हणायचो. तुझं तोंड मात्र बघण्यासारखं असायचं. पुढं प्लास्टिकच्या काचा कोटिंग होऊनच यायला लागल्या, तरी कॉलेजांच्या मायक्रोस्कोपची भिंगं आपल्याकडंच यायची, कारण ती तुझ्या हातचीच लागायची. दुकानावर पाटी माझ्या नावाची. लोक म्हणायचे, काकांच्या हाताला चांगला गुण आहे. मी ऐकून घ्यायचो. तू आत असायचीस.

मग खोकला आला. कोरडा, सुटायचाच नाही. जिना चढली की बसायचीस. नंदा नांदेडला दिलेली, तिनं तिथल्या छातीच्या डॉक्टरचा नंबर लावला आन् आपण एसटीनं गेलो. भला माणूस होता तो, तरुण. त्यानं आधी तुलाच विचारलं, "आजी, काम काय करता?"

तू तोंड उघडलंस आन् उत्तर मी दिलं. "घरीच असते. घरकाम."

त्यानं लिहून घेतलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "चुलीवर स्वयंपाक?"

"पहिलं होता. आता गॅस हाय."

"शेतात, गिरणीत, धुळीचं काही काम? नीट आठवून सांगा."

मी म्हणलं, "न्हाई."

नीट आठवून सांगा म्हणाला होता तो. तू माझ्याकडं बघितलंस. मी भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडं बघत बसलो.

लोक म्हणतील, म्हातारा घाबरला असेल. कोणी येऊन खोली बंद करील म्हणून लपवलं असेल. तसं असतं तर बरं होतं, भित्रा म्हणून निदान माफी मागता आली असती. खरं सांगू? मी काही लपवलंच नाही. माझ्या मनात तू काम करत होतीस असं नव्हतंच. काम मी करत होतो. तू आत मदत करत होतीस. बायको काय करते असं कोणी विचारलं की आमच्या बापाच्या तोंडून, चुलत्याच्या तोंडून जे यायचं तेच माझ्या तोंडून आलं. तुझी माय भर उन्हात दुसऱ्याच्या रानात खुरपायची, तरी तुझा बाप घरकामच सांगायचा.

परतीच्या गाडीत अहमदपूर जवळ आल्यावर तू बोललीस.

"घरकाम म्हणलात."

"मग काय म्हणू?"

तू खिडकीबाहेर बघत होतीस. "काय न्हाई."

एवढंच आपलं भांडण. ते तिथंच राहिलं. घरी आल्यावर तू चहा टाकलास आन् दुसऱ्या दिवशी पत्रे खरवडायला बसलीस.

दोन वर्षं तुला दम्याची औषधं चालली. तोंडात मारायचा पंप, गोळ्या, वाफा. डॉक्टर दर खेपेला बुचकळ्यात पडायचा. चुलीच्या धुरानं एवढं कसं, म्हणायचा. तू दोन्ही वर्षं त्या खोलीत बसत होतीस, दार लावून. शेवटी छातीचा सीटी स्कॅन काढला तर म्हणाला, फुप्फुसं आखडून कडक झालीत, आता मोकळी व्हायची नाहीत. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. तू त्याचा आवाज ऐकून म्हणालीस, "आता माझंच पिंप झालं. हवा ठरत न्हाई आत."

औंदा उन्हाळ्यात नंदा आली होती. तिनं भिंगं बांधायला घेतली आन् बांधायचा कागद वाचत बसली. पावडरीच्या डबीबरोबर इंग्रजी कागद यायचा. चांगला पातळ कागद. मी वीस वर्षं त्यात काचा गुंडाळून दिल्या. नंदा म्हणाली, "बाबा, ह्याच्यात लिहिलंय, ही धूळ श्वासात जाऊ देऊ नका. मोकळ्या हवेत काम करा, तोंडाला बांधा. वर्षानुवर्षं गेली तर फुप्फुस खराब होतं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "डॉक्टरांना सांगितलं होतं ना तुम्ही, आई हे काम करते म्हणून?"

मी म्हणलं, "हाव."

आन् खाटेवरून, नळीतून, तू म्हणालीस, "सांगितलंय गं त्यांनी. पहिल्याच खेपंला."

कौसा, तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी तरलो असतो. पोरीसमोर उघडं पाडलं असतंस तर तिनं मला धरून हलवलं असतं, मी रडलो असतो, काही तरी झालं असतं. तू मला झाकलंस. दम नव्हता तुझ्यात, चार शब्द बोलून तू पाच मिनिटं धापा टाकल्यास, आन् ते चार शब्द तू माझ्यासाठी खर्ची घातलेस. नंदा आत गेल्यावर मी तुझ्याजवळ बसलो. म्हणलं, कशाला? तू डोळे मिटलेस. "पोरगी हाय. तिला बाप राहू द्या."

त्यानंतर सहा महिने होते माझ्याकडं. रोज वाटायचं, आज बोलू. माझं चुकलं, एवढेच दोन शब्द. रोज तुझं औषध, तुझी आंघोळ, तुझा चहा, आन् त्यातच दिवस जायचा. मंगळवारीपण शेंगा सोलताना ते माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, किडका दाणा गेला.

म्हातारपणी बायकोच्या मागं लोक म्हणतात, तिनं संसार केला, तिच्यामुळं उभे राहिलो. मीपण म्हणतो. माझ्या ताटातला प्रत्येक घास तुझ्या डोळ्यानं आला. पण हे म्हणून मला काही हलकं वाटत नाही. जिवंत असताना तुझी कदर केली नाही. आता इतकी वाटतीय, ती कुठं ठेवू?

बुधवारी संध्याकाळी तुला अग्नी दिला. गुरुवारी सकाळी उठलो, आंघोळ केली, आन् पावडरीची डबी घेतली. पिंपाच्या पत्र्यावर तू अर्धंच खरवडून ठेवलेलं होतं, त्यातले चार पापुद्रे कागदात बांधले. उंबऱ्यात चुलतभाऊ आडवा आला. "राख सावडायची हाय अजून. सुतकात कुठं निघालास?" नंदा म्हणाली, "बाबा, कुठं?" मी म्हणलं, येतो. पहिल्या एसटीनं नांदेडला गेलो.

दवाखान्यात नंबर लावला. माझ्याआधी पुष्कळ माणसं होती, सगळी खोकत होती. माझा नंबर आला तवा ऊन चढलं होतं. डॉक्टरनं मला ओळखलं. "आजी कशा आहेत?"

मी टेबलावर डबी ठेवली आन् कागद सोडला. म्हणलं, "काल वारली. ती घरकाम करत नव्हती, साहेब. वीस वर्षं बंद खोलीत हे खरवडत होती. तुम्ही मला नीट विचारलं होतं. मी न्हाई म्हणलो."

त्यानं डबीवरचं नाव वाचलं. फाईल काढली, पहिलं पान उघडलं, घरकाम लिहिलं होतं तिथं बोट ठेवलं.

मी विचारलं, "तवाच सांगितलं असतं तर?"

"झालेलं भरून आलं नसतं," तो म्हणाला. "पण मी त्याच दिवशी काम बंद करायला लावलं असतं." मग त्यानं फाईल मिटली. बाहेर कोणीतरी खोकत होतं.

तो उठून माझ्याजवळ आला. "तुम्हीही त्याच खोलीत बसायचात?"

"न्हाई. मी पुढं, दुकानात. वाऱ्याला."

"तरी बघू द्या. सदरा वर करा."

मी सदरा वर केला. त्यानं पाठीला ते गार लावलं. लांब श्वास घ्या म्हणाला, मी घेतला. सोडा म्हणाला, सोडला. परत घ्या. डावीकडं, उजवीकडं, खाली, सगळीकडं ऐकलं. मग नळी कानातून काढली.

"तुमची छाती एकदम साफ आहे, बाबा," तो म्हणाला.